तांबडा चिमटा

पुस्तकांची परीक्षणं मी पुष्कळ लिहिली, पण ब्रेकच्या कॅटलॉगावर टीका लिहायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. ती वेळ भाच्यानं आणली. त्यानं २०१४ सालची पोलो जीटी टीएसआय सेकंडहँड घेतली. गाडी आपल्या चाकणचीच. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ अश्वशक्ती. २०२२ साली ही पोलो आपल्याकडे बंद झाली, तेव्हापासून तिचे मालक तिच्याविषयी दिवंगत आत्याविषयी बोलावं तसे गहिवरून बोलतात.

"मामा, ब्रेक अपग्रेड करायचेत."

"बिघडलेत का?"

"छे! उत्तम आहेत."

"मग?"

"बिघडले असते तर रिपेअर केले असते. उत्तम आहेत म्हणून अपग्रेड."

या युक्तिवादापुढे मी निमूटपणे कॅटलॉग हातात घेतला.

ग्रंथाचा नायक म्हणजे कॅलिपर. मराठीत सांगायचं तर चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला दोन्ही बाजूंनी पकडणारा चिमटा. पण हा चिमटा तांबडाभडक, सहा पिस्टनांचा, आणि पोज अशी की बाजूला पैलवानानं संकोचावं. नायिका म्हणजे ३३० मिलिमीटरची डिस्क, अंगभर भोकं पाडलेली, थेट अनारशासारखी. मागच्या चाकांतले ड्रम ब्रेक म्हणजे विनोदी पात्र. त्यांची तीन ठिकाणी टिंगल आहे. पानोपानी वीररस. ब्रेकच्या वाङ्मयात ज्याला खरं स्थान हवं तो भयानक रस मात्र औषधालाही नाही. आणि टायरचा उल्लेख कुठंच नाही! शाकुंतलातून अंगठीच वगळावी तसा प्रकार.

कारण ब्रेक थांबवतो चाक. गाडी थांबवतो तो टायर. कोरड्या रस्त्यावर पेडल दाबलं आणि पायाखाली एबीएस थरथरला, की टायरची रस्त्यावरची पकड तिथं संपली. त्यापुढं सहा पिस्टन लावा नाहीतर साठ, त्या एका खेपेला गाडी अलीकडे थांबत नाही. मोठ्या ब्रेकचं काम वेगळं आहे. ते उष्णता पोटात घेतात आणि लवकर निवतात. कोइंबतूरच्या करी ट्रॅकवर फेरीमागून फेरी मारणाऱ्याला त्यांची खरीच गरज असते, ग्रंथकर्त्यावर मला अन्याय करायचा नाही. पण आमच्या चिरंजीवांची शर्यत नळस्टॉप ते डेक्कन! शिवाय ही डिस्क मावायला पंधरा इंची चाकं काढून सतरा इंची घालायची, म्हणजे टायरची उंची कमी, म्हणजे पुण्याचा खड्डा आणि आपलं माकडहाड यांच्यात फक्त अदब उरते. खर्च दीड लाख.

ज्याला तो परवडत नाही त्याच्यासाठी शेवटच्या पानावर प्लास्टिकची तांबडी टोपी आहे. ती जुन्या कॅलिपरवर चिकटवायची. सगळ्या ग्रंथात मला हे एकच पान प्रामाणिक वाटलं.

परीक्षण इथंच संपलं असतं. पण जानेवारीत आम्ही पाचगणीहून परत येत होतो. मागं ताई, मांडीवर स्ट्रॉबेरीचे डबे. पसरणीचा घाट. ऑटोमॅटिक गिअर 'डी'त, भाच्याचा पाय वरपासून ब्रेकवर. निम्म्या घाटात जळकट वास आला. आम्ही तो पुढच्या ट्रकला बहाल केला. मग एका वळणाआधी भाचा म्हणाला, "मामा, ब्रेक लागत नाहीये." तो आवाज मी पूर्वी एकदाच ऐकला होता, चौथीत असताना जत्रेत तो हरवून सापडला तेव्हा. पेडल भिजल्या स्पंजासारखं तळाला जात होतं. त्यानं गिअर दोनवर आणला, मी हँडब्रेक ओढत गेलो, आणि गाडी डोंगराकडच्या गटाराला टेकून उभी राहिली. दरी दुसऱ्या बाजूला होती. ताईनं विचारलं, "वाई आली का?"

हँडब्रेक चालतो तारेवर, तेलावर नाही, आणि तो धरतो मागच्या ड्रमांना. ज्यांची तीन ठिकाणी टिंगल आहे त्यांना.

वरून खालच्या गिअरात घुरघुरत आलेला एक ट्रक थांबला. ड्रायव्हरनं वास घेतला आणि एवढंच म्हणाला, "चढताना जो गेर, उतरताना त्योच गेर, मालक." त्याच्या फाळक्यावर 'पॉवर ब्रेक, अंतर ठेवा' लिहिलेलं होतं. ब्रेकवरचं इतकं नेटकं वाङ्मय मी दुसरं वाचलेलं नाही.

घरी येऊन मी हिशेब मांडला. पाचगणी ते वाई उतार सुमारे पावणेसहाशे मीटर. माणसांसकट चौदाशे किलोची गाडी नुसत्या ब्रेकवर उतरवायची म्हणजे, हवा आणि टायर खातात तेवढं सोडून, ताशी शंभरच्या वेगातून लागोपाठ चौदा-पंधरा वेळा थांबवण्याइतकी उष्णता. गिअर खाली ठेवला तर त्यातली बरीचशी इंजिन फुकट अंगावर घेतं.

वाईच्या मिस्त्रीनं ब्रेक ऑइलचं झाकण उघडलं. आत टपरीवरचा उकळून उकळून काळा झालेला चहा. आधीच्या मालकानं ते कधी बदललंच नसावं. हे तेल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रतीचं तेल नवं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळायचं नाही, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हमी १५५ अंशांचीच. उकळलं की बुडबुडे, आणि पाय दाबतो तो बुडबुड्यांना. सहा पिस्टनांचा चिमटा असता तर तोही याच चहावर चालला असता.

नवं तेल, चांगले पॅड, चार नवे टायर. दीड लाखाच्या पाव हिश्श्यात काम झालं. भाचा मात्र खट्टू. "मामा, यात दाखवायचं काय?" त्याचंही खरं आहे. बॉनेट उघडून कुणी 'वा, काय पिवळंधमक तेल आहे!' म्हणत नाही. शेवटी त्यानं जुनेच कॅलिपर तांबडे रंगवून घेतले. रंग उष्णता सोसणारा आहे ना, एवढं मी विचारलं आणि गप्प बसलो.

गेल्या महिन्यात पुन्हा पाचगणीला गेलो होतो. परतताना टेबललँडचा फाटा मागं पडला तसा मागून ताईचा आवाज आला. तिनं जन्मात स्टिअरिंगला हात लावलेला नाही.

"दोन नंबर टाक रे."