कायदापालनाचे नैतिक कर्तव्य : महाड व नाशिक सत्याग्रहांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना : कायदा पाळणे ही केवळ दंडभयातून आलेली सक्ती आहे की नैतिक कर्तव्य, हा राज्यशास्त्रातील जुना प्रश्न होय. प्लेटोच्या ‘क्रिटो’ या संवादात सॉक्रेटिस तुरुंगातून पळून जाण्यास नकार देतो. नगर सोडण्याची मुभा असूनही जो तेथेच राहिला, त्याने तेथील कायद्यांस संमती दिली आहे, असा त्यातील युक्तिवाद आहे. ज्यांना संमती कधी विचारलीच गेली नाही, त्यांच्याबाबत मात्र तो अपुरा पडतो.

विवेचन : मुंबई विधिमंडळाच्या १९२३ च्या बोले ठरावानुसार महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे अस्पृश्यांसाठी खुले केले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्या अनुयायांनी तेथील पाणी प्राशन केले, तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला. येथे ठरावानुसार वागणारे अस्पृश्य होते, तो झुगारणारे सवर्ण. पुढे नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. डिसेंबर १९२७ मध्ये न्यायालयाचा मनाईहुकूम आला असता आंबेडकरांनी सत्याग्रह स्थगित केला. उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल १९३७ मध्ये लागला. आज्ञापालनाची किंमत नऊ वर्षांहून अधिक काळाची प्रतीक्षा ही होती.

इगतपुरी तालुका ज्या जिल्ह्यात मोडतो, त्या नाशिक जिल्ह्याचा अनुभव याहून कटू आहे. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला काळाराम मंदिर सत्याग्रह अनेक वर्षे चालूनही दरवाजे उघडले नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास धर्मांतराची घोषणा झाली.

याच आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत, सनदशीर मार्ग खुले असताना सत्याग्रहाचे समर्थन होऊ शकत नाही, असे प्रतिपादन केले. यात विसंगती शोधणे उचित नाही. मार्ग खुला असणे हीच त्यांची कसोटी होती. तथापि मार्ग कागदावर खुला असणे आणि न्याय वेळेत मिळणे यांतील अंतर ही कसोटी पुरेसे मोजत नाही. महाडचा दावा नेमका याच अंतराचा पुरावा आहे.

निष्कर्ष : कायदापालनाचे कर्तव्य उभयपक्षी आहे. नागरिकाने आज्ञा पाळावी, ही अपेक्षा राज्याने दाद मागण्याचा मार्ग प्रत्यक्षात चालू ठेवला तरच नैतिक ठरते. अन्यथा उरते ती केवळ सक्ती. आणि तिचा भार नेहमी दुर्बलांवरच पडतो.