‘कुणबी’ व ‘कुणबीण’ : अर्थनिर्णय

जुन्या कागदांच्या छापील संग्रहांस जोडलेल्या शब्दसूचींत ‘कुणबी’ या शब्दापुढें पुष्कळदां ‘एक जात’ एवढाच अर्थ दिलेला आढळतो. आणि ‘कुणबीण’ शब्द आला कीं ‘कुणब्याची स्त्री’ असें लिहून संपादक मोकळे होतात. यांपैकीं पहिला अर्थ अपुरा व दुसरा अनेक ठिकाणीं सर्वस्वी चुकीचा आहे, असें आमचें मत आहे.

प्रथम व्युत्पत्ति पाहूं. ‘बी’ पेरतो तो कुणबी, ही लोकव्युत्पत्ति ऐकण्यास गोड असली तरी तिला आधार नाहीं. शब्दाचें मूळ संस्कृत ‘कुटुम्बिन्’ हें होय. टकाराचा डकार होऊन ‘कुडुंबी’, आणि पुढें ‘कुळंबी’, ‘कुणबी’. गुजराथी ‘कणबी’ याच मूळचा. वाकाटक राज्ञी प्रभावतीगुप्ता हिच्या पुणें ताम्रपटांत दान दिलेल्या गांवच्या ग्रामकुटुंबीयांस उद्देशून आज्ञा आहे. हे ग्रामकुटुंबी म्हणजे घरदार करून राहिलेले गांवकरी. तेथें जातीचा अर्थ अभिप्रेत नाहीं. मराठींत ‘कुणबावा’ व ‘कुणबीक’ हीं नामें शेतीच्या धंद्यासच लावतात, हेंही याचेंच गमक होय. हा शब्द ज्ञातिवाचकही झाला, हें आम्हीं नाकारीत नाहीं. १८८१ च्या खानेसुमारींत तो त्याच अर्थानें आला आहे.

आतां ‘कुणबीण’. पेशवाईच्या कागदांत हा शब्द बहुधा दासीचा वाचक आहे. तिची किंमत ठरते, ती एका घरून दुसऱ्या घरीं दिली जाते, सरकारी कारखान्यांत कामास लावली जाते. अशा नोंदीपुढें ‘शेतकऱ्याची बायको’ असा अर्थ देणें म्हणजे त्या स्त्रीचें दास्यच कागदांतून पुसून टाकणें होय.

तेव्हां अर्थ ठरवावा तो शेजारच्या शब्दांवरून. जमाबंदीच्या यादींत ‘कुणबी’ आला तर तो जमीन वाहणारा. तो मिरासदार कीं उपरी, हें त्या एका शब्दावरून कळत नाहीं. इतर जातींच्या नांवांच्या ओळींत आला तर ज्ञातीचा अर्थ संभवतो. रकमेजवळ ‘कुणबीण’ आली तर ती दासी.

हा वाद केवळ पंडितांचा राहिलेला नाहीं. सन २०२३ मध्यें महाराष्ट्र सरकारनें नेमलेल्या समितीच्या कामांत कुणबी नोंदींकरितां जुनीं मोडी दप्तरें तपासलीं गेलीं. एका शब्दाच्या वाचनावर आज कुटुंबांचे हक्क अवलंबून आहेत. म्हणून कागद जमविणाऱ्या सर्व मित्रांस एवढीच विनंति कीं, त्यांनीं सुटा शब्द उतरून न घेतां सबंध ओळ, कागदाचा प्रकार व मिति यांसह उतरून घ्यावी. अर्थाविषयीं मतभेद झाला तरी मग पुढच्या वाचकास निर्णयाचें साधन उरेल.