वगळलेला मुलगा

दुःखावर कला हे औषध आहे, असे आपल्याकडे फार सहज बोलले जाते. ते ऐकले की मला केटे कोलविट्झ ही जर्मन चित्रकर्ती आठवते. तिचा धाकटा मुलगा पीटर ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियमच्या रणभूमीवर पडला. वय १८. युद्धावर जायला बापाची संमती नव्हती. ती मिळवून दिली आईनेच. तेव्हा ह्या शोकात अपराधही मिसळलेला होता, आणि अपराधाला सांत्वन पुरत नाही.

तिने मुलाचे स्मारक करायला घेतले. पहिल्या कल्पनेत त्याचा देह आडवा पसरलेला, उशापायथ्याशी आईबाप. म्हणजे वीरमरणाची पूजाच ती! १९१९ मध्ये हे काम तिने सोडून दिले. पुढे काही वर्षांनी ते पुन्हा हाती घेतले, आणि १९३२ मध्ये ते बेल्जियमच्या त्या दफनभूमीत उभे राहिले, तेव्हा त्यात मुलगा नव्हताच. उरली होती दोन वेगळ्या चौथऱ्यांवर गुडघे टेकलेली दोन माणसे. बापाने स्वतःलाच हातांनी घट्ट कवटाळलेले. आई पुढे वाकलेली. मी हे शिल्प छायाचित्रांतच पाहिले आहे. पण त्या दोन चौथऱ्यांमधली मोकळी जागा तिथेही अंगावर येते.

मुलगा जगला तितकीच वर्षे त्याला शिल्पातून वगळायला लागली. ह्याला बरे होणे म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे. मला मात्र दिसते ते एवढेच, की ह्या आईबापांसमोर आता एकट्या पीटरचे थडगे नाही. रांगाच रांगा आहेत.