एक कोटी अकरा लाख ओळी आणि आमची गेलेली लाईट

लॉगवरून बिघाड ओळखण्यावरचे पेपर वाचायला घ्या, निकालांच्या तक्त्यात एचडीएफएस हे नाव जवळजवळ हमखास सापडेल. २०१७ सालच्या 'डीपलॉग'ने त्यावर ०.९६ एफ-स्कोअर मिळवला. त्यानंतरची चढाओढ दुसऱ्या-तिसऱ्या दशांशासाठी आहे. माझं म्हणणं असं, की ही चढाओढ चुकीच्या जागी चाललीय आणि त्याचा फटका आपल्यासारख्या छोट्या लॅबना बसतो.

आधी थोडी ओळख. एचडीएफएस ही हडूपची फाइल सिस्टिम. ती मोठ्या फाइलचे तुकडे करते, म्हणजे ब्लॉक, आणि साधारणपणे प्रत्येक ब्लॉकच्या तीन प्रती वेगवेगळ्या मशीनवर ठेवते. ही मशीनं म्हणजे डेटानोड. कुठला ब्लॉक कुठे आहे याची खातेवही नेमनोडकडे. दोघंही दिवसभर लॉग लिहीत असतात. प्रत्येक ओळीला एक पातळी असते: डीबग, इन्फो, वॉर्न, एरर. तुम्ही इन्फो ठेवलं की डीबगच्या ओळी लिहिल्याच जात नाहीत.

आता तो डेटासेट. वेई शू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ च्या एसओएसपी परिषदेत तो मांडला (सहलेखकांत मायकेल जॉर्डन आहेत, पण बास्केटबॉलवाले नव्हेत). अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर २०३ मशीनं लावून हे लॉग गोळा केले होते. आज सगळे वापरतात त्या फाइलमध्ये १,११,७५,६२९ ओळी आहेत, ३८.७ तासांच्या. ब्लॉक ५,७५,०६१, त्यातले १६,८३८ 'बिघडलेले'. पहिल्याच ओळीवर तारीख आहे ०८११०९, म्हणजे ९ नोव्हेंबर २००८. मूळ पेपरला मी नावं ठेवणार नाही. ओळी नीट उलगडण्यासाठी प्रोग्रामचा सोर्स कोडच वाचायचा, ही त्यांची युक्ती आजही सुंदर वाटते. तक्रार आहे ती नंतरच्या वापराबद्दल.

फाइल उघडून पातळीचा रकाना बघा. इन्फो आणि वॉर्न, बस्स. म्हणजे २००८ साली कुणा प्रोग्रामरला जे इन्फोत ठेवावंसं वाटलं, तेवढंच जग मॉडेलला दिसतं. आणि ती निवड टिकलेली नाही! ब्लॉकची प्रत नोंदवल्याच्या ओळी या फाइलमध्ये भरभरून आहेत. कामात असलेल्या क्लस्टरवर त्यांचा पूर येतो आणि नेमनोड मंदावतो, म्हणून हडूपच्या लोकांनी पुढे अशा बऱ्याच ओळी इन्फोतून डीबगमध्ये ढकलल्या. आज नवं हडूप डीफॉल्टवर चालवलंत तर डीपलॉग ज्या ओळींच्या क्रमावर शिकलं, त्यातल्या कितीतरी येणारच नाहीत. आणि हा एकट्या हडूपचा प्रकार नाही. डिंग युआन वगैरेंनी २०१२ मध्ये अपाची, पोस्टग्रेसारख्या चार प्रोग्रामांचा इतिहास तपासला. लॉगच्या ओळींमधल्या सुधारणांपैकी साधारण चौथा हिस्सा फक्त पातळी बदलण्याचा होता. लिहिणाऱ्यांचंच एकमत होत नाही, आणि आपण मात्र पातळी हे निसर्गाचं देणं धरून मॉडेल बांधतो.

दुसरी गोष्ट मला आमच्या लॅबमध्ये कळली. चार जुने पीसी, तीन यूपीएसवर, एक तसाच. मे महिन्यात जळगावचं ऊन काय असतं ते सांगायला नको. दुपारी लाईट गेली, आठेक मिनिटांनी आली, चौथं मशीन आपोआप सुरू झालं. मी मोठ्या उत्साहाने मॉडेल चालवलं. उत्तर: सगळं ठीक.

का? डेटानोड दर ३ सेकंदांनी नेमनोडला 'आहे' म्हणून हाक देतो. ती बंद पडली तरी डीफॉल्ट सेटिंगमध्ये ६३० सेकंद, म्हणजे साडेदहा मिनिटं, तो मेलेला धरला जात नाही. आमची लाईट त्याआधीच आली. डेटानोड पुन्हा नोंदला गेल्याची ओळ लॉगमध्ये होती, पण तिच्यात ब्लॉक क्रमांक नाही. या डेटासेटवरची मॉडेलं ओळींचे गट ब्लॉक क्रमांकानेच करतात. क्रमांक नसलेली ओळ त्यांच्या हिशोबातच येत नाही. लाईट जास्त वेळ गेली असती तर हरवलेल्या प्रती पुन्हा बनवताना ढीगभर ब्लॉक संशयित ठरले असते, आणि प्लग कुणाचा गेला ते तरीही कळलं नसतं.

लांडाउअर, स्कोपिक आणि वुर्झेनबर्गर यांनी अशा डेटासेटची चिकित्सा केलीय. त्यांचा निष्कर्ष थोडक्यात असा: बहुतेक बिघाड ओळींच्या क्रमात लपलेलेच नाहीत, साध्या तपासणीनेही ते सापडतात. मग ०.९६ चं ०.९८ झालं तर नेमकं काय कमावलं?

'मग सगळीकडे डीबग लावू' हा उपाय धुळ्याच्या एका मित्राने करून पाहिला. हडूपची लॉग फाइल डीफॉल्टला २५६ एमबीची झाली की फिरते आणि जुन्या २० ठेवते. साधारण ५ जीबी. इन्फोवर त्यात बराच काळ मावतो. डीबगवर त्याचा बिघाडाच्या वेळचा लॉग तो बघायला बसेपर्यंत नव्या ओळींखाली पुसला गेला होता.

मी सध्या एवढंच करते: मूळ पातळी इन्फो, आणि ज्या क्लासवर संशय आहे तेवढ्यालाच 'हडूप डेमनलॉग'च्या सेटलेव्हलने थोडा वेळ डीबग. क्लस्टर बंद करावा लागत नाही. प्रत्येक प्रयोगाच्या वहीत हडूपची आवृत्ती आणि लॉग४जेची फाइल जोडते. पेपरमध्ये या दोन गोष्टी नसतील तर त्यातला स्कोअर मी वाचते, पण माझ्या क्लस्टरसाठी धरत नाही. आणि हो, डेमनलॉगने केलेला बदल रीस्टार्ट झाला की जातो. आपल्याकडे उन्हाळ्यात रीस्टार्ट कधी होईल हे आपण ठरवत नाही, त्यामुळे जो बदल टिकायला हवा तो लॉग४जेच्या फाइलमध्येच लिहा.