जुन्या विनाशिकांचीं छायाचित्रें

शिरूर कासारसारख्या समुद्रापासून दूरच्या गांवीं बसून युद्धनौकांच्या चित्रांची चिकित्सा करणें वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु ज्यानें जहाज प्रत्यक्ष पाहिलें नाहीं, त्याची सारी भिस्त चित्रावरच असते. चित्राखालची ओळ चुकली, तर ती चूकच त्याच्या मनांत इतिहास म्हणून रुजते. हस्तलिखिताचा काळ ठरवितांना आपण कागद, शाई व अक्षराचें वळण पाहतों. तोच न्याय येथें कां लावूं नये?

'राजपूत' ह्या नांवाच्या दोन विनाशिका आपल्या आरमारांत होऊन गेल्या. पहिली मूळची ब्रिटिश 'रॉदरहॅम'. 'रणजित' व 'राणा' यांजप्रमाणें तीही १९४९ सालीं आपल्याकडे आली. दुसरी सोव्हिएत बनावटीची, १९८० सालीं दाखल होऊन २०२१ सालीं निवृत्त झालेली. १९७१ च्या 'गाझी' प्रकरणांतील नौका अर्थातच पहिली. पण नांव एकच असल्यामुळें दुसरीचें चित्र त्या हकीकतीशेजारीं सहज जाऊन बसतें. नीट पाहणारा मात्र फसणार नाहीं. पहिलीला धुराडें एकच. पुढें दोन व मागें दोन अशा एकनळी तोफा, आणि धुराड्यामागें चार-चार नळ्यांचे पाणतीर सोडण्याचे दोन संच. दुसरीला धुराड्यांच्या दोन जोड्या व क्षेपणास्त्रांच्या पेट्या.

ध्वजाविषयीं अधिक सावधगिरी हवी. २६ जानेवारी १९५० नंतर आपल्या नौध्वजाच्या कोपऱ्यांत तिरंगा आला, तरी मधला तांबडा क्रूस तसाच राहिला. म्हणून केवळ क्रूस पाहून चित्र इंग्रजी अमलांतलें ठरविणें हा उतावीळपणा होय. कोपऱ्यांत तिरप्या रेघा आहेत कीं आडवे पट्टे, हें भिंगाखालीं पाहावें. नाळेवर लहान निशाण फडकत असेल, तर नौका बहुधा नांगरलेली किंवा बोयास बांधलेली आहे. मग खालची ओळ तिला 'शत्रूच्या पाठलागावर' कां धाडीना!

तथापि जें दिसत नाहीं तें नव्हतेंच, असें म्हणणें सर्वांत घातक. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश नियंत्रक प्रसिद्धीच्या चित्रांतून डोलकाठीवरचीं रडारचीं साधनें खोडून टाकीत. तेव्हां रिकामी डोलकाठी ही नौकेची साक्ष नसून कदाचित् नियंत्रकाच्या कुंचल्याची असते.

उलट, जें दिसतें त्याच्याही पलीकडे जाऊं नये. 'गाझी' ३ व ४ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्रीं विशाखापट्टणमजवळ बुडाली. भारतीय पक्ष तिच्या नाशाचें श्रेय 'राजपूत'ला देतो. पाकिस्तानी पक्ष अपघाती स्फोटाकडे बोट दाखवितो. ह्या वादांत 'राजपूत'च्या पिछाडीवरील, पाण्याखालीं फुटणाऱ्या सुरुंगपिंपांचें चित्र पुरावा म्हणून पुढें करणें प्रस्तुत लेखकास मुळींच मान्य नाहीं. पिंपें नौकेवर होतीं, एवढेंच तें चित्र सांगतें. त्या रात्रीं तीं कोठें टाकलीं व त्यांनीं काय साधलें, हें नौकेच्या दैनंदिनींत आणि समुद्राच्या तळाशीं पडलेल्या सांगाड्यांत शोधावें लागेल.