लहान प्राणिनिवासांचे परीक्षण : पेंग्विन तलावाच्या निमित्ताने

प्राणिसंग्रहालयातील एखाद्या लहान निवासाविषयी मत द्यावयाचे झाले की प्रथम त्याचे क्षेत्रफळ विचारावयाचे, अशी आपली रीत पडून गेली आहे. क्षेत्रफळ गौण आहे असे नव्हे. परंतु तो आकडा हाती आला म्हणजे परीक्षण संपले, ही समजूत मात्र तपासून पाहावयास हवी. त्या कामी लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील पेंग्विन तलाव उपयोगी पडण्यासारखा आहे.

बर्थोल्ड ल्युबेटकिन व त्यांचे टेक्टन हे वास्तुकारमंडळ यांनी १९३४ साली हा तलाव उभारला. लंबवर्तुळाकार भिंत, आत पाणी, आणि त्यावरून मध्ये खांबाचा आधार न घेता परस्परांभोवती वळत जाणाऱ्या प्रबलित काँक्रीटच्या दोन उतरणी, एवढीच ही रचना. तिच्या सौंदर्याविषयी वाद नाही. ब्रिटनमधील संरक्षित वास्तूंच्या पहिल्या श्रेणीत तिची गणना होते. असे असूनही २००४ मध्ये पेंग्विन तेथून हलविण्यात आले, ते कायमचे. काँक्रीटचा पृष्ठभाग त्यांच्या पायांना बाधत होता आणि पाणी उथळ होते.

येथे दोष केवळ बांधकामाच्या साहित्याचा नाही. पेंग्विन हा पाण्यातला निष्णात. जमिनीवर त्याची चाल डुलत, अडखळत चालते. वास्तुकाराने या पक्ष्याच्या सामर्थ्याला बेताचे पाणी दिले, आणि त्याच्या उणेपणासाठी मात्र एक अप्रतिम रंगमंच बांधला. प्रेक्षक हसले, त्यांच्या दृष्टीने निवास यशस्वी ठरला.

ल्युबेटकिन यांना नैसर्गिक देखाव्याची नक्कल मान्य नव्हती. भूमितीचा प्रांजळ आश्रय त्यांना श्रेयस्कर वाटे. कार्ल हागेनबेक यांनी १९०७ मध्ये हॅम्बुर्गजवळ श्टेलिंगन येथे कृत्रिम खडक व खंदक यांच्या योगे गज नाहीसे करून दाखविले, तो याच्या नेमका उलट मार्ग. परंतु हे दोन्ही पक्ष कठड्याबाहेरच्या माणसाच्या जागेवरूनच पाहतात, असे प्रस्तुत लेखकास वाटते. सिमेंटचा खडक पाहून फसतो तो माणूस. माकडाच्या लेखी तो चढता येण्याजोगा वा न येण्याजोगा एक पृष्ठभाग असतो. (आपल्याकडील कित्येक नव्या निवासांतील रंगीत डोंगर याच पंक्तीतले.)

कठड्याच्या आतून पाहण्याची दृष्टी प्रामुख्याने हाइनी हेडिगर यांनी दिली. प्राण्याचे पलायनांतर, म्हणजे माणूस किती जवळ आला असता तो पळ काढतो ते अंतर, लक्षात घेतले की लहान निवासाचा खरा प्रश्न उलगडतो. चारही बाजूंनी प्रेक्षक असलेल्या जागेत प्राण्याला ते अंतर कोठेच राखता येत नसेल, तर तो सतत भयग्रस्त राहील. तेवढ्याच क्षेत्रफळात एक बाजू बंद ठेवली, आडोसा व उंच बैठक दिली, की स्थिती पालटते. यास्तव परीक्षकाने प्राणी कोणत्या जागा आपण होऊन निवडतो आणि कोणत्या टाळतो हे तासन्‌तास, गर्दीच्या व निवांत अशा दोन्ही वेळी, टिपावे. नुसत्या हालचालीने मात्र भुलू नये. एकाच रेषेवर अखंड येरझारा घालणारा बिबट्या जागा ‘वापरतो’ असे नोंदविणे म्हणजे आजारालाच आरोग्य म्हणणे होय. प्रजननही एकटे पुरेसे प्रमाण नव्हे. प्रतिकूल स्थितीतही पुष्कळ जाती वितात.

मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत मार्च २०१७ मध्ये हंबोल्ट पेंग्विनांचा थंड कक्ष लोकांसाठी खुला झाला. त्याची चर्चा प्रायः खर्च व तपमान यांभोवती फिरली. हा पक्षी पेरू व चिलीच्या किनाऱ्यावरचा, हिमप्रदेशातला नव्हे. तो बिळांत व खडकांच्या कपारींत घरटे करतो. तेव्हा बर्फाचा आभास किती साधला यापेक्षा पाणी किती खोल आहे, पायाखाली काय आहे, आणि काचेसमोर गर्दी लोटली असता पक्ष्याला दृष्टीआड होता येते काय, हे प्रश्न आधी विचारावयास हवे होते.