संताप आहे, नाद हवा

1993 साली स्टॉकहोमच्या ‘क्लॉफिंगर’ या बँडचा ‘डेफ डम्ब ब्लाइंड’ हा पहिला अल्बम आला. रुग्णालयात काम करताना एकत्र आलेल्या या पोरांनी वंशद्वेषावर थेट बोट ठेवलं. गाण्याऐवजी ठेक्यावर शब्दांची फेक आणि मागे इलेक्ट्रिक गिटारचा खडखडाट. रॅप मेटल म्हणतात तो हाच प्रकार.

बुलढाण्याच्या माणसाला हा प्रकार परका वाटायचं कारण नाही. 1882 साली इथल्याच ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक प्रसिद्ध झालं. समोरच्याला उभं करून जाब विचारणारं, दम न घेता चालणारं ते गद्य मोठ्यानं वाचून पाहावं; त्याला स्वतःचा ठेका आहे. शेजारच्या अकोला जिल्ह्यातले कीर्तनकार सत्यपाल महाराज एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजवत वऱ्हाडीतून हुंडा, दारू आणि अंधश्रद्धेवर प्रहार करत आले. 2017 साली मुंबईत त्यांच्यावर चाकूहल्ला झाला. सत्यशोधक जलसे, आंबेडकरी जलसे, अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांचं लाल बावटा कलापथक, वामनदादा कर्डक ही गाण्यातून जाब विचारणारी सगळी परंपरा मागे उभी आहे. मराठीत राजकीय रॅप आला तेव्हा त्याला घर आयतंच मिळालं.

आज त्याची अवस्था काय? शब्दांच्या बाजूनं उत्तम. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या रॅप गटाने 2019 मध्ये ‘द वारली रिव्होल्ट’ केलं, तेव्हा आरेच्या जंगलातले आदिवासी प्रकाश भोईर स्वतः त्यात गायले. जंगलाचा प्रश्न ज्यांचा, त्यांचाच आवाज, म्हणून ते गाणं टिकलं. अमरावतीचा विपिन तातड आंबेडकरी विचार वैदर्भी बोलीतून मांडतो. 2023 मध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या रॅपरांवर सत्तेवर टीका करणाऱ्या रॅपमुळे गुन्हे दाखल झाले. दोन तरुणांच्या गाण्यांची सत्तेला इतकी धास्ती वाटावी, यातच या कलेची ताकद दिसते.

संगीताच्या बाजूनं मात्र आपण लंगडे आहोत. शब्द मातीतले आणि बीट इंटरनेटवरून उचललेली, असं फार वेळा होतं. एकच ढोबळ ठोका, त्यावर कापसाचा भाव आला काय नि जातीचा अपमान आला काय, फरक पडत नाही. संताप सगळीकडे एकाच पट्टीत ऐकू येतो आणि तिसऱ्या गाण्याला कान थकतो. दिल्लीच्या ‘ब्लडीवूड’ या बँडने मेटलमध्ये ढोल आणि बासरी आणली, 2019 मध्ये जर्मनीच्या वाकेन महोत्सवात वाजवलं आणि 2022 मध्ये ‘रक्षक’ हा अल्बम काढला. त्यांची राजकीय धार मला पुष्कळदा सर्वसाधारण वाटते. पण नाद त्यांचा आहे, आणि तो त्यांनी मेहनतीनं घडवला आहे. आपल्याकडे खंजिरी आहे, डफडं आहे, दंडारीचा ठेका आहे. त्यावर खडखडती इलेक्ट्रिक गिटार चढवली तर काय होईल, हे ऐकायला मी आतुर आहे.

त्यासाठी प्रतिभेइतकीच जागा लागते. ड्रमचा संच एका खोलीच्या घरात मावत नाही, आणि बँड फोनवर घडत नाही. स्वीडनमध्ये नगरपालिकांच्या संगीतशाळा आहेत, तरुणांना सरावाच्या खोल्या मिळतात. तिथले बँड जगभर पोचतात त्यामागे ही व्यवस्था आहे. खामगाव, मलकापूर, चिखलीच्या पोरांना निदान एक बंद खोली, वीज आणि दोन स्पीकर मिळायला हवेत. विषय तर दारात उभे आहेत: संग्रामपूर–जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यातलं खारं पाणी, सोयाबीनचा भाव, पीकविमा.

दर 12 जानेवारीला सिंदखेडराजात जिजाऊ जन्मोत्सवासाठी लाखो माणसं जमतात. तिथे पोवाडा ऐकणारा श्रोता तयार आहे. आयोजकांनी त्या मंचावरचा अर्धा तास रॅप करणाऱ्या या पोरांना द्यावा.